केंद्राध्यक्षाची सही

निवडणुकीवर मराठीत उदंड लिहिले गेले आहे. उमेदवार, पक्ष, जात, साखर कारखाने, पैसा, पराभवाची कारणे, यांतल्या एकेका विषयावर कपाट भरेल एवढा मजकूर निघेल. मात्र मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत फळ्याकडे पाठ करून जी चार माणसे बसतात, त्यांच्या कामाविषयी वाचायला गेले तर फारसे काही हाती लागत नाही. ड्युटी रद्द करावी म्हणून शिक्षक संघटनांनी दिलेली निवेदने सापडतात, दुर्गम पाड्यावर यंत्रे डोक्यावर घेऊन निघालेल्या पथकाचे छायाचित्र दर निवडणुकीत छापून येते, आणि एवढ्यावर विषय संपतो. ती माणसे नेमके काय करतात, कशासाठी करतात आणि त्यांच्या कामातून शेवटी कोणता पुरावा मागे उरतो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी करकंबचा. सरकारी नोकरी कधी केली नाही, त्यामुळे ही ड्युटी मला लागण्याचा प्रश्न आला नाही. पण गेल्या पंचवीस वर्षांत बऱ्याच निवडणुकांत मी मतदान प्रतिनिधी, म्हणजे पोलिंग एजंट, म्हणून समोरच्या बाकावर बसलो. कोणासाठी, असे विचाराल तर ज्याला त्या वर्षी माणूस मिळत नव्हता त्याच्यासाठी. दिवसभर समोर चाललेले काम पाहायचे आणि घरी येऊन त्याचा नियम शोधायचा, अशी सवय लागली. निवडणूक संचालन नियम, १९६१ आणि केंद्राध्यक्षांसाठीची आयोगाची मार्गदर्शिका हळूहळू वाचून झाली. कायद्याचा अभ्यासक्रम मी केलेला नाही. जे कळले ते बाकावरून कळले आणि मग पुस्तकात सापडले.

हा विषय डोक्यात पक्का बसला तो मारकडवाडीमुळे. आमच्या शेजारच्या माळशिरस तालुक्यातले हे गाव. २० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचे मतदान झाले, २३ला निकाल लागला. माळशिरसमधून राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तमराव जानकर निवडून आले, पण मारकडवाडीत त्यांच्यापेक्षा भाजपच्या राम सातपुते यांना जास्त मते निघाली. जानकरांच्या गावातल्या समर्थकांना ते पटेना. त्यांनी ३ डिसेंबरला गावातच कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने परवानगी नाकारली, जमावबंदी लावली आणि ते मतदान झाले नाही. पुढे दोन्ही बाजूंचे नेते येऊन गेले, सभा झाल्या. त्या गदारोळात यंत्राविषयी सगळे बोलत होते. त्या दिवशी त्या खोलीत कोण होते, त्यांनी काय लिहून ठेवले, त्याची प्रत कोणाकडे आहे, याविषयी फारसे कोणी बोलत नव्हते.

*

आमचे गाव पंढरपूर तालुक्यात, टेंभुर्णी-पंढरपूर रस्त्यावर. बाहेरच्या लोकांना ते बाजार आमटीमुळे ठाऊक असते. दाखल्याला, सातबाऱ्याला आम्ही पंढरपूरला जातो, मत मात्र माढ्याला जाते. विधानसभेलाही आणि लोकसभेलाही. २००८च्या पुनर्रचनेत करकंब मंडळ माढा विधानसभेला जोडले गेले. त्यामुळे मतदान पथक आले की गावातल्या कोणाच्याच ओळखीचे नसते. अर्थात पंढरपूरला मत असते तरी ते ओळखीचे नसतेच, कारण पथक परके असावे अशीच रचना आहे.

आयोगाच्या भाषेत तिला सरमिसळ म्हणतात. शेतकऱ्याच्या तोंडचा हा शब्द सरकारी कागदात पाहून मला बरे वाटले होते. संगणकावर तीन वेळा सरमिसळ होते. पहिल्या वेळी कर्मचाऱ्यांची नावे निवडली जातात, दुसऱ्या वेळी पथके जुळतात आणि त्यांचा मतदारसंघ ठरतो, तिसऱ्या वेळी कोणत्या पथकाला कोणते केंद्र ते ठरते. आपण ज्या मतदारसंघात राहतो किंवा नोकरी करतो तिथले केंद्र सहसा मिळत नाही. त्यामुळे बहुतेक केंद्राध्यक्षांना आपण कोणत्या गावी चाललो आहोत हे आदल्या दिवशी साहित्य हातात घेताना कळते. मांडवाखाली शेकडो टेबले, ध्वनिक्षेपकावर क्रमांकांचा पुकारा, आणि आपल्या पथकातली उरलेली तीन माणसे शोधत फिरणारी एक शिक्षिका. ज्यांच्याबरोबर पुढचे तीस तास काढायचे त्यांची ओळख बहुधा इथे किंवा प्रशिक्षणात होते.

पथक म्हणजे केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी. सोबत शिपाई, पोलीस किंवा होमगार्ड. पहिला अधिकारी मतदार यादीची चिन्हांकित प्रत सांभाळतो आणि ओळख पटवतो. दुसरा बोटाला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन नियंत्रण यंत्राचे बटण दाबतो, तेव्हा आतले मतदान यंत्र एका मतापुरते खुले होते. केंद्राध्यक्ष सगळ्यावर देखरेख करतो आणि सह्या करतो. या सह्यांकडे पुढे यायचेच आहे.

त्यांना आणण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३२४मधून येतो. आयोगाकडे स्वतःचा असा फौजफाटा नाही; त्याने मागितला की राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी कर्मचारी उपलब्ध करून द्यायचे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २६नुसार जिल्हा निवडणूक अधिकारी केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी नेमतो. कलम २८अ मला सर्वांत मजेशीर वाटते. त्यानुसार ही माणसे अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंत आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. माढा लोकसभेचे मतदान ७ मे २०२४ला झाले आणि निकाल ४ जूनला लागला. म्हणजे ज्या मास्तरांनी मे महिन्याच्या उन्हात आमच्या गावी यंत्र मोहोरबंद केले, ते पुढचे चार आठवडे घरी सुट्टीत असताना कायद्याने आयोगाचेच होते. कर्तव्यात कसूर केल्यास कलम १३४ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. ५०० रुपयांना कोणी भीत नाही. भीती निलंबनाची असते.

पथकात शिक्षक जास्त असतात, आणि त्यावरची तक्रार खोटी नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामांतून मोकळे केले, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक हे तीन अपवाद ठेवले. त्याआधी ६ डिसेंबर २००७ला सर्वोच्च न्यायालयाने सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात शक्यतो सुट्टीच्या आणि बिगरअध्यापनाच्या दिवशीच हे काम द्यावे असे म्हटले होते. मतदानाचा दिवस सुट्टीचा असतो, हे खरे. प्रशिक्षणे, मतदार यादीची कामे आणि घरोघरचे सर्वेक्षण मात्र शाळेच्या दिवसांतूनच निघते. तरीही मला विचाराल तर केंद्रावर शिक्षक असणे गावाला सोयीचे पडते. रांग लावणे, नाव मोठ्याने पुकारणे, वहीवर रेघ मारून शेवटी बेरीज करणे ही त्यांची रोजची कामे आहेत. आणि 'गप बसा' हे त्यांच्याइतके सहज दुसऱ्या कोणाला म्हणता येत नाही.

*

हे काम पहिल्यापासून असेच नव्हते. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने कागदावर काही खूण करायची नव्हती, कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. अशा लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. सोलापूर तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज इथून लोकसभेवर गेले. अशा ठिकाणी मतदाराला दोन मते आणि दोन मतपत्रिका, पण दोन्ही एकाच पेटीत टाकायच्या नाहीत. अक्षरओळख नसलेल्या माणसाला हे समजावून सांगायचे आणि कोणाला मत द्या हे मात्र सुचवायचे नाही, ही कसरत त्या वर्षी देशभरातल्या सुमारे ५६ हजार केंद्राध्यक्षांनी आणि २ लाख ८० हजार मदतनीसांनी केली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचे नाव इतिहासात आहे. या माणसांची यादीही कुठे नाही.

पुढे एका पेटीची आणि शिक्का मारायच्या मतपत्रिकेची पद्धत आली. त्या काळात नियम ३८ प्रमाणे प्रत्येक मतपत्रिकेच्या मागे केंद्राध्यक्षाची पूर्ण सही लागे. हजार मतदारांचे केंद्र असेल तर हजार सह्या. आमच्या गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक सांगतात, कंदिलाच्या उजेडात सह्या करता करता शेवटी आपले नाव आपल्यालाच परके वाटायला लागे. २००४पासून सगळीकडे यंत्र आले, मतपत्रिका गेली आणि त्या सह्याही गेल्या. उरलेल्या सह्या मोजक्या आहेत, पण प्रत्येकीचे वजन वाढले आहे.

*

पथक दुपारी एसटीने किंवा ठरवलेल्या जीपने येते. शाळेत विजेचा दिवा आहे का, रॅम्प आहे का, पाणी आहे का हे बघून झाले की भिंतीवरच्या नेत्यांच्या तसबिरी वर्तमानपत्राने झाकायच्या आणि आत पुठ्ठ्याचा मतदान कक्ष उभा करायचा. बाहेर उमेदवारांची यादी लावायची. मुक्काम वर्गातच, सतरंजीवर. उमेदवाराच्या माणसाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही असा दंडक आहे. खेड्यात तो पाळणे अवघड असते, कारण परगावचा माणूस दारात आल्यावर त्याला उपाशी ठेवणे आम्हाला जमत नाही, आणि जेवण घेऊन आलेला माणूस कोणाचा हे पथकाला कळत नाही. बहुधा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई पैसे घेऊन भाकरी-आमटी करून देतात. महिला कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाची सोय पूर्वीपेक्षा बरी झाली असली तरी न्हाणीघर हा अजूनही नशिबाचा भाग आहे.

रात्री कोणी फारसे झोपत नाही, कारण खरे काम पहाटे सुरू होते. मतदान सातला, अभिरूप मतदान त्याच्या दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला. नोव्हेंबरात त्या वेळी आमच्याकडे अंधार आणि उसाच्या रानातली थंडी असते. दोन तरी उमेदवारांचे प्रतिनिधी हजर हवेत. नसतील तर पंधरा मिनिटे वाट पाहायची आणि मग पुढे जायचे. नियंत्रण यंत्र, मतदान यंत्र आणि व्हीव्हीपॅट जोडून निदान ५० मते टाकायची, 'नोटा' धरून प्रत्येक उमेदवाराला. कोणाला किती दिली ते कागदावर टिपायचे. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर हा क्रम. निकाल दाखवायचा, व्हीव्हीपॅटच्या पेटीतल्या चिठ्ठ्या काढून त्या मोजून ताडून पाहायच्या, त्यांच्या पाठीमागे अभिरूप मतदानाचा शिक्का मारायचा, काळ्या जाड लिफाफ्यात बंद करायच्या, पेटी रिकामी झाल्याचे सर्वांना दाखवायचे. यंत्रातला आकडा शून्यावर आणायचा. मग हिरव्या कागदी मोहोरेवर केंद्राध्यक्षाची आणि प्रतिनिधींची सही, मोहोरेचा क्रमांक टिपून घ्यायचा, आणि यंत्र बंद.

या तासा-दीड तासात यंत्र गावासमोर उघडे असते. त्यानंतर दिवसभर ते कोणाला उघडता येत नाही. आणि साडेपाचला बाकावर कोण असते? मी पाहिले आहे त्याप्रमाणे बहुधा एक किंवा दोन जण, तेही जांभया देणारे. बाकीचे प्रतिनिधी सात वाजता अंघोळ करून, गंध लावून येतात आणि आल्या आल्या विचारतात, 'झालं का सुरू?' मोहोरेवर नंतर सही करतात. यंत्रावर संशय घेणारी भाषणे मी गावात पुष्कळ ऐकली, पण भाषण करणारा माणूस साडेपाचला क्वचितच भेटला.

*

सातपासून सहापर्यंतच्या कामात पहिल्या अधिकाऱ्याचा आवाज महत्त्वाचा. तो मतदाराचे यादीतले नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचतो. तो आवाज मतदारासाठी नसतोच, बाकावरच्यांसाठी असतो. ओळखपत्र पथक तपासते, पण हा माणूस तोच का हे गावच सांगू शकते. म्हणून पथक परके आणि प्रतिनिधी स्थानिक, अशी ही जोडी आहे.

या पुकाऱ्याचा एक वेगळाच परिणाम मी पाहिला. आमच्याकडे जुन्या बायकांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नाही. अमक्याची आई, तमक्याची काकू. पाच वर्षांतून एकदा भरल्या खोलीत कोणी परका माणूस त्यांचे स्वतःचे नाव, मग नवऱ्याचे, मग आडनाव असे खणखणीत वाचतो, तेव्हा काही जणी क्षणभर गोंधळून इकडेतिकडे बघतात, आणि मग 'मीच ती' म्हणून पुढे होतात. पहिल्या निवडणुकीच्या यादीतून देशभरातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको किंवा अमक्याची मुलगी एवढेच सांगितले होते. त्या बहुतांशी उत्तरेकडच्या होत्या. पण नाव न सांगण्याची रीत आमच्या आज्यांनाही परकी नव्हती.

माणूस तोतया आहे अशी शंका आली तर प्रतिनिधी हरकत घेऊ शकतो. त्यासाठी दोन रुपये रोख भरावे लागतात. १९६१च्या नियमांतली ही रक्कम आजही तीच आहे. इतक्या वर्षांत मी असा आक्षेप एकदाच पाहिला. पुण्याला कामाला असलेल्या एका पोराला कोणी ओळखेना, म्हणून बाजूच्याने हरकत घेतली. केंद्राध्यक्ष बाई म्हणाल्या, दोन रुपये काढा. कोणाकडे दोनचे नाणे नाही. शेवटी दहाची नोट पुढे आली, सुट्ट्या पैशांसाठी शिपाई बाहेर पळाला, पावती फाडली गेली आणि मग चौकशी सुरू झाली. बाईंनी त्याला आजीचे नाव, घरासमोर काय आहे, चुलते किती, असे चार प्रश्न विचारले. उत्तरे बाकावरच्या म्हाताऱ्यांनी मान हलवून पारखली. पोरगा खरा निघाला, मत देऊन गेला.

याच्या उलटही होते. माणूस येतो आणि त्याच्या नावावर आधीच कोणीतरी मत दिलेले असते. एकाच भावकीत एकाच नावाचे दोन-तीन जण असले की चुकून असे घडते, आणि कधी चुकून नव्हेही. अशा माणसाला परत पाठवायचे नसते. त्याची ओळख पटली तर त्याला कागदी मतपत्रिका द्यायची. तिला प्रदत्त मत म्हणतात. ती यंत्रात जात नाही, वेगळ्या लिफाफ्यात राहते आणि वेगळ्या नमुन्यात तिची नोंद होते. हा हक्क फार थोड्यांना माहीत आहे. 'तुमचं मत झालंय' एवढे ऐकून माणूस शिव्या देत घरी जातो.

व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. भलतेच चिन्ह दिसले असे कोणी म्हणाला तर नियम ४९एमए आहे. त्याने लेखी प्रतिज्ञा द्यायची, केंद्राध्यक्षाने प्रतिनिधींसमक्ष त्याच्याकडून चाचणी मत टाकून घ्यायचे. तक्रार खरी निघाली तर मतदान तिथेच थांबते. खोटी निघाली तर त्या मताची नोंद ठेवायची, म्हणजे मोजणीत ते वजा करता येते. आणि चाचणी घेण्याआधी खोट्या प्रतिज्ञेची शिक्षा वाचून दाखवायची असते. ती ऐकल्यावर किती जण पुढे जातील, हा प्रश्न मला नियम वाचताना पडला. खऱ्या तक्रारदारालाही ती धाक घालते, आणि नियमाची ही बाजू मला पटत नाही.

*

सहा वाजता रांगेत जे उभे असतात त्यांना क्रमांकाच्या सही केलेल्या चिठ्ठ्या दिल्या जातात, शेवटच्या माणसापासून पुढे, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. शेवटचे मत झाले की क्लोजचे बटण. त्यानंतर यंत्र मत घेत नाही. मग केंद्राध्यक्ष नमुना १७ सी भरायला बसतो. कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात तो 'सतरा सी'.

हा कागद साधा आहे. केंद्रावर एकूण मतदार किती. नोंदवहीत, म्हणजे सतरा ए मध्ये, किती जणांच्या नोंदी झाल्या. त्यांतल्या किती जणांनी आत येऊनही मत द्यायला नकार दिला. गुप्ततेचा भंग केला म्हणून किती जणांना मत देऊ दिले नाही. चाचणी मते किती आणि ती कोणत्या उमेदवाराला पडली. यंत्राने दाखवलेली एकूण मते किती. दोन्ही आकडे जुळतात की नाही. प्रदत्त मते किती. कागदी मोहोरा किती मिळाल्या, किती वापरल्या, त्यांचे क्रमांक काय. समजा, वहीत ८१२ नोंदी आहेत, एकाने नकार दिला, एकाला मनाई झाली. तर यंत्राने ८१० दाखवले पाहिजे. ८११ दाखवले तर ते तिथेच लिहून ठेवायचे. खाली केंद्राध्यक्षाची सही. आणि नियम ४९एस प्रमाणे हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला पोच घेऊन याची खरी प्रत द्यायची.

माझ्या मते दिवसभराच्या त्या सगळ्या खटाटोपातून गावाच्या हाती लागणारी वस्तू ही एकच. पथक यंत्र घेऊन रात्री संकलन केंद्राकडे निघते, तिथे पहाटेपर्यंत लिफाफ्यांच्या रांगेत उभे राहते, पोच मिळाली की सुटते. यंत्र सुरक्षा कक्षात जाते. नोंदवही मोहोरबंद होते. गावात राहते ती सतरा सीची प्रत.

तिच्यात काय नसते तेही पाहिले पाहिजे. कोणाला किती मते, हे तिच्यावरच्या पहिल्या भागात कळत नाही. ते मोजणीच्या दिवशी दुसऱ्या भागात भरले जाते. पथक माणसे मोजते, त्यांची निवड मोजत नाही. त्यामुळे मारकडवाडीसारखा प्रश्न, म्हणजे 'आम्ही एकाला दिली आणि निघाली दुसऱ्याची', तो सतरा सीने सुटत नाही. त्यासाठी व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या आहेत, आणि त्या प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या मोजून ताडल्या जातात. २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार. सगळ्या मोजाव्यात ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ला फेटाळली, मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला खर्च भरून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची वाट करून दिली. पण मोहोरबंद केलेले यंत्र तेच का, मते तेवढीच का, रात्रीतून वाढली का, या प्रश्नांना सतरा सी उत्तर देते. मोजणीच्या टेबलावर पहिल्यांदा मोहोरेचे क्रमांक आणि एकूण आकडा ताडला जातो. तेव्हा प्रतिनिधीच्या खिशात स्वतःची प्रत असली तर तो बोलू शकतो.

मारकडवाडीचा वाद उभा राहू शकला याचे एक कारण कोणी फारसे सांगत नाही. गावाने कोणाला किती मते दिली हे गावाला कळते, कारण यंत्रे केंद्रवार मोजली जातात आणि केंद्रवार आकडे जाहीर होतात. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीआधी मिसळण्याची तरतूद होती (नियम ५९अ). एका माणसाचे मत गुप्त राहते, तसे एका वाडीचेही राहावे, हा हेतू. यंत्राने ती सोय काढून घेतली. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे टोटलायझर वापरावे, असा प्रस्ताव आयोगाने २००८मध्ये दिला. विधी आयोगाच्या २५५व्या अहवालाने २०१५मध्ये त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती मान्य केली नाही. माझे मत इथे दोन्हीकडे ओढले जाते. केंद्रवार आकडा नसता तर मारकडवाडीला शंकाच घेता आली नसती. आणि केंद्रवार आकडा आहे म्हणूनच निकालानंतर 'या वस्तीने आपल्याला दिले नाही' म्हणून पाण्याचा टँकर कुठे थांबतो आणि कुठे थांबत नाही, हे खेड्यातला माणूस जाणतो.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीच्या मध्यावर सतरा सी एकदम दिल्लीच्या बातम्यांत आला. प्रत्येक केंद्राचा हा नमुना संकेतस्थळावर टाकावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली. आयोगाचे म्हणणे असे की नियमानुसार त्याची प्रत प्रतिनिधींना मिळते, सर्वांना देण्याचे बंधन नाही. २४ मेला न्यायालयाने निवडणूक चालू असताना अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. त्याच वर्षी २० डिसेंबरला नियम ९३ बदलला आणि केंद्रावरच्या चित्रीकरणासारखे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज सामान्य माणसाने पाहण्यावर बंधन आले. मागण्या-नकारांचा हा प्रवास बाजूला ठेवला तर आयोगाच्या उत्तरात एक गृहीत आहे: प्रत प्रतिनिधीकडे आहे.

ती असते का? करकंबात मी जे पाहिले ते असे. दुपारी चारपर्यंत बाक भरलेला असतो. चारनंतर ज्या उमेदवाराचे वारे नाही त्याचा माणूस उठून जातो. सहाला दोघे-तिघे राहतात. सतरा सी भरायला पाऊण तास लागतो, कारण केंद्राध्यक्ष थकलेला असतो, एकेक प्रत हाताने लिहितो आणि चुकेल म्हणून भितो. तोवर बाहेर मोटारसायकली वाजत असतात, जेवणाची व्यवस्था झालेली असते. 'सर, आमची प्रत राहू द्या, घरी जायचंय' असे म्हणून पोचेवर सही करून मंडळी निघतात. प्रत टेबलावर, पोच लिफाफ्यात. कागदोपत्री सगळ्यांना प्रती मिळाल्या. ज्या मिळतात त्याही नेत्याच्या गाडीच्या डिकीत किंवा पॅम्प्लेटांच्या गठ्ठ्यात जातात. मी गावातल्या चार पक्षांच्या कार्यकर्त्यांकडे जुन्या प्रती मागून पाहिल्या. कोणी नाही म्हणाले नाही, आणि कोणाला सापडल्याही नाहीत.

मग जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या निवडणुका आल्या. त्या राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांच्या यंत्रांना व्हीव्हीपॅट जोडलेले नसते. म्हणजे पहाटेचे अभिरूप मतदान, मोहोरेचे क्रमांक आणि संध्याकाळचा हिशेब याखेरीज पाहणाऱ्याच्या हाती दुसरे काही नाही. या वेळी बाकावर बसणाऱ्या चार पोरांना मी बोलावून घेतले आणि एवढेच सांगितले: साडेपाचला जा, मोहोरेचा नंबर तळहातावर का होईना लिहून घ्या, शेवटच्या मतदाराचा वहीतला अनुक्रमांक विचारा, आणि प्रत हातात पडल्याशिवाय पोचेवर सही करू नका. फोन आत नेता येत नाही, पण बाहेर आल्यावर प्रतीचा फोटो लगेच काढून ठेवा. कार्बनवरची असेल तर अक्षर दोन-तीन पावसाळ्यांत फिकट होत जाते. माझ्याकडच्या जुन्या प्रतीवर आता केंद्राध्यक्षाची सही तेवढी दिसते, कारण ती पेनाने केलेली होती.